तान्ह्या बाळाचं हार्ट-लंग मशीन म्हणजे मोठ्यांचंच यंत्र लहान करून का?

पंपवाला (धागाकर्ता), रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मी पंपांच्या डिझाइनमध्ये काम करतो. शेतीचे, पाणीपुरवठ्याचे. वैद्यकीय गोष्टींशी संबंध शून्य. पण गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांचा, वजन ३.४ किलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक होतं, व्हीएसडी म्हणतात ते. आता पठ्ठ्या छान आहे, दूध पितो, रात्री दोनला सगळ्यांना उठवतो.

ऑपरेशनच्या दिवशी पाच तास कॉरिडॉरमध्ये काढले. हृदय थांबवून बाळाला यंत्रावर घेणार हे सांगितलं होतं. सगळं पार पडल्यावर ते यंत्र चालवणाऱ्या मॅडम लिफ्टपाशी भेटल्या. माझ्यातला पंपवाला गप्प बसेना. विचारलं, "कुठला पंप वापरता?" त्या हसून म्हणाल्या, "पंपाचं सोडा, नळीचं विचारा." तेवढ्यात लिफ्ट आली आणि त्या गेल्या.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात बसलंय. माझं म्हणणं असं, की हा साधा प्रमाणाचा हिशेब आहे. ६० किलोच्या माणसाला मिनिटाला चारेक लिटर लागतात असं वाचलं. मग ३.४ किलोला साधारण २३० मिली. एवढ्या प्रवाहाचे डोसिंग पंप आमच्या धंद्यात कपाटात पडलेले असतात. यात एवढं अवघड काय आहे? जाणकारांनी सांगावं.

खवचट_खापर, रविवार, रात्री ९:५२

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. पंपवाले आणि डॉक्टर एकाच धाग्यावर, म्हणजे पाणी कुठे मुरतंय ते आज कळणार.

रेवाकाठ, रविवार, रात्री ११:१५

मी त्या लिफ्टवाल्या मॅडम नव्हे, पण काम तेच. परफ्युजनिस्ट, मुंबईत, चौदा वर्षं, त्यातली नऊ फक्त लहान मुलांसोबत. त्या जे म्हणाल्या ते शंभर टक्के खरं.

आधी तुमचा २३० चा आकडा. तो चुकला. बाळाचं शरीर किलोमागे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन खातं. मोठ्या माणसाला किलोमागे मिनिटाला ६०-७० मिली पुरतात, नवजात बाळाला १५० ते २०० लागतात. म्हणजे तुमच्या पुतण्याला ५०० ते ६८० मिली. "प्रमाणात लहान" इथेच कोलमडतं.

पण तोही मुद्दा नाही. मुद्दा हा की बाळाच्या अंगात रक्त किती? किलोमागे साधारण ८० मिली धरा. ३.४ किलोला पावणेतीनशे मिली. बस्स.

आता यंत्र. शिरेतून येणारी नळी, रक्त साठवणारं रिझर्व्हॉयर, पंपातली नळी, रक्तात ऑक्सिजन मिसळणारा ऑक्सिजनेटर, फिल्टर, परत धमनीत जाणारी नळी. हे सगळं कोरडं जोडता येत नाही. हवा बाहेर काढून आधी द्रवाने भरावं लागतं. त्याला आम्ही 'प्राइम' म्हणतो. मोठ्यांच्या सर्किटला लिटर-दीड लिटर प्राइम लागतं. मोठ्या माणसाच्या पाच लिटर रक्तात तेवढं मिसळलं तर रक्त पातळ होतं, पण चालून जातं. बाळाचं बघा. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, ३६ धरलं तर २७२ मिली रक्तात लाल पेशींचा भाग सुमारे ९८ मिली. त्यात ६०० मिली प्राइम मिसळलं की हिमॅटोक्रिट येतं ११. एवढ्या पातळ रक्तावर मेंदू कसा जगवणार? तेच प्राइम १५० वर आणलं तर २३. शंभरावर आणलं तर २६.

कमी पडतं ते बँकेच्या रक्ताने भरून काढावं लागतं. म्हणजे तीन महिन्यांच्या बाळाच्या अंगात परक्या माणसाचं रक्त त्याच्या स्वतःच्या रक्ताइतकं होऊ शकतं. आमचा सगळा धंदा त्या मिलीमिलीवर चालतो. पंप कुठलाही घ्या, मिली नळीत असतात.

खवचट_खापर, रविवार, रात्री ११:२१

पावणेतीनशे मिली म्हणजे तीन कटिंग. बाळात तीन कटिंग रक्त आणि यंत्र म्हणतंय "आधी मला बारा कटिंग पाजा". कळलं.

रेवाकाठ, रविवार, रात्री ११:२४

@खवचट_खापर, उद्यापासून विद्यार्थ्यांना असंच शिकवणार आहे.

पंपवाला, सोमवार, सकाळी ७:०५

रात्री झोपच आली नाही. रेवाकाठ ताई, मनापासून आभार. नळ्यांचा हिशेब स्वतः करून पाहिला. आतला व्यास पाव इंच असेल तर मीटरला ३१.७ मिली. ३/१६ इंच घेतली तर १७.८. मोठ्यांची ३/८ इंची असते म्हणे, तिच्यात ७१. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पाव इंची नळी धरली की ९५ मिली नुसत्या नळीत! ३/१६ ची मीटर-मीटरभर केली तर ३६.

पण व्यास पाऊणपट झाला की रोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तिपटीहून थोडा जास्तच. धमनीच्या बाजूला पंप ढकलेल. शिरेच्या बाजूला काय? तिथे तर रक्त नुसतं गुरुत्वाकर्षणाने खाली येतं ना?

दुसरा प्रश्न धंद्यातला. रोलर पंप का? नळी चिरडत जाणारा, १९३४ सालच्या, डिबेकी नावाच्या डॉक्टरच्या छापाचा पंप आजही? चाक गरगर फिरवून ढकलणारा सेंट्रिफ्यूगल का नाही?

तर्कट, सोमवार, सकाळी ९:३०

एक शंका. हे सगळं परदेशातून येतं ना? मंगळावर यान पाठवणाऱ्या देशाला प्लास्टिकची चार नळकांडी करता येत नाहीत? की आयातदारांची मजा चाललीय?

रेवाकाठ, सोमवार, दुपारी २:१०

केस संपली, जेवताना लिहितेय.

पंपवाले दादा, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पूर्वी बाळ वर टेबलावर, रिझर्व्हॉयर खाली जमिनीजवळ, मधल्या उंचीच्या फरकावर रक्त उतरायचं. उंची हवी म्हणून नळी लांब, नळी लांब म्हणून रोध, रोध नको म्हणून नळी जाड, आणि जाड म्हणून प्राइम जास्त. सापाने स्वतःचीच शेपटी गिळावी तसं. यातून सुटका झाली ती व्हॅक्यूममुळे. रिझर्व्हॉयर बंदिस्त करून त्याला हलकं शोषण द्यायचं, उणे २० ते ४० मिलिमीटर पाऱ्याएवढं. मग उंचीची गरज संपते. रिझर्व्हॉयर बाळाच्या पातळीला आणता येतं, नळी बारीक आणि आखूड करता येते. किंमत अशी, की कुठे बारीकशी गळती असली तर शोषण हवाही ओढतं. ते बुडबुडे मेंदूत जाऊ नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं.

सेंट्रिफ्यूगलबद्दल तुम्हीच सांगा ना, ५०० मिलीला तुमचा पंप त्याच्या प्रवाह-दाबाच्या वक्राच्या कुठल्या टोकाला असेल?

पंपवाला, सोमवार, दुपारी २:४०

अगदी डाव्या टोकाला. द्रव आतल्या आत घुसळत राहणार, तापणार. कार्यक्षमतेचा तर विचारच नको. हां, पाणी असेल तर घुसळू दे. रक्त असेल तर...

रेवाकाठ, सोमवार, दुपारी २:५५

तर पेशी फुटणार. शिवाय पंपाच्या डोक्यात मावणारं रक्त हा आणखी एक खर्च. रोलरमध्ये पंप म्हणजे नळीच, वेगळं भरायला काही नाही. मोठ्या रोलरवर पाव इंची नळी एका फेऱ्यात सुमारे १३ मिली ढकलते, म्हणजे तुमच्या पुतण्याला मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे. मोजायला सोपं, आणि पुढचा दाब वाढला तरी प्रवाह तोच राहतो. तोटाही तोच. पुढे नळीला पीळ पडला तरी तो ढकलत राहतो, आणि हवा आली तर हवाही तितक्याच इमानाने ढकलतो. सेंट्रिफ्यूगलच्या डोक्यात हवा भरली तर तो निदान ढकलायचं थांबवतो. म्हणून एक्मोमध्ये, म्हणजे आयसीयूत हृदय-फुप्फुसांना आधार द्यायला दिवसेंदिवस चालणाऱ्या यंत्रात, बाळांनाही सेंट्रिफ्यूगल लावतात. तेव्हा १९३४ चं म्हणून हसू नका हो.

आजोबा_सातारकर, सोमवार, सायंकाळी ६:२०

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, त्यामुळे लांबण लागणार. कंटाळा आला तर पुढे जा.

या यंत्राचा इतिहास लहान मुलांपासूनच सुरू होतो, आणि तो सुखाचा नाही. अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी जवळजवळ वीस वर्षं यंत्रावर घालवली. पत्नी मेरी प्रयोगशाळेत बरोबरीने, प्रयोग मांजरांवर. पुढे आयबीएम कंपनीचे इंजिनिअर मदतीला आले. त्यांनी फेब्रुवारी १९५२ मध्ये पहिला रुग्ण घेतला, पंधरा महिन्यांचं बाळ. वरच्या कप्प्यांच्या पडद्याला भोक आहे असं निदान होतं. उघडल्यावर भोक नव्हतंच. बाळ गेलं. शवविच्छेदनात कळलं, दोष हृदयाबाहेरच्या एका रक्तवाहिनीत होता. पुढच्या वर्षी, ६ मे १९५३ ला, फिलाडेल्फियात अठरा वर्षांची सेसेलिया बाव्होलेक २६ मिनिटं पूर्णपणे यंत्रावर राहून वाचली. सगळ्या पुस्तकांत तीच तारीख. पण त्यानंतर गिबननी दोन लहान मुलींवर ऑपरेशन केलं, दोघी गेल्या, आणि त्यांनी हे काम सोडून दिलं. हे मात्र पुस्तकांत एका ओळीत उरकतात.

मग मिनियापोलिसचे वॉल्टन लिलेहाय. यंत्रच नको म्हणाले! बाळाच्या आईला किंवा वडिलांना शेजारच्या टेबलावर झोपवायचं, त्यांच्या जांघेतल्या रक्तवाहिन्या नळीने बाळाला जोडायच्या. आईची फुप्फुसं, आईचं हृदय, बाळाचं रक्त. मध्ये प्रवाह मोजून देणारा एक पंप, तोही खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत वापरतात त्या जातीचा. २६ मार्च १९५४ ला पहिला मुलगा, ग्रेगरी, जेमतेम वर्षभराचा, वडील दाते. भोक शिवलं गेलं, पण अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. लिलेहाय थांबले नाहीत. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात अशी ४५ ऑपरेशन्स झाली, २८ मुलं घरी गेली. लोक म्हणत, जगातलं हे एकच ऑपरेशन ज्यात मृत्यूचं प्रमाण दोनशे टक्के होऊ शकतं. एका आईच्या मेंदूला हवेच्या बुडबुड्याने इजा झालीही.

पंपवाल्यांच्या प्रश्नाशी संबंध असा, की आई जोडली की प्राइम जवळजवळ नाही! बाळासाठी त्याहून चांगला ऑक्सिजनेटर आजतागायत झालेला नाही.

मिनेसोटाची_मैना, सोमवार, रात्री ८:०० (इथे सकाळ)

आजोबा, मी रॉचेस्टरजवळच राहते! मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबनचं यंत्र सुधारून २२ मार्च १९५५ ला पाच वर्षांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन केलं. पहिल्या आठ मुलांपैकी चार वाचली. मिनियापोलिस इथून दीड तास. तेव्हा काही काळ जगात ओपन हार्ट नियमित होत होतं ते या दोनच गावांत, आणि दोघांची तऱ्हा वेगळी. इथे स्टीलचं कपाटाएवढं महागडं यंत्र. तिथे लिलेहायांचे शिष्य रिचर्ड डीवॉल यांनी १९५५ मध्ये साधी प्लास्टिकची नळी वेटोळी करून बबल ऑक्सिजनेटर केला. रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, सिलिकॉनने फेस मारायचा, आणि वेटोळ्यातून उतरताना उरलेसुरले बुडबुडे वर जायचे. बघायला लोक दोन्हीकडे जायचे आणि परतताना डीवॉलची नळी मनात घेऊन जायचे, कारण ती परवडायची.

अवांतर: आज इथे उणे २२ आहे. बाळ थंड करायला बर्फ आणायची गरज नाही, खिडकी उघडली की झालं.

भूलभुलैया, सोमवार, रात्री ९:४५

@मैना, तुमचं अवांतर फार अवांतर नाही. मी भूलतज्ज्ञ, बालहृदय विभागात. थंडीचा आणि यंत्राच्या आकाराचा थेट संबंध आहे.

१९६० च्या दशकात यंत्र बाळासाठी इतकं मोठं आणि रक्ताला इतकं जाचक होतं, की शहाणपण यंत्र टाळण्यात होतं. आधी जपानमध्ये क्योटोत, आणि १९६९ पासून न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला सर्जन बॅरेट-बॉइज यांनी, बाळांना बर्फाच्या पिशव्यांत ठेवून गार करायला सुरुवात केली, यंत्र थोडाच वेळ वापरायचं. शरीर १८-२० अंशांवर नेऊन रक्ताभिसरणच बंद करायचं. नळ्या काढून टाकायच्या. सर्जनला रिकामं, कोरडं, शांत हृदय. मग परत यंत्रावर घेऊन ऊब द्यायची. हजारो बाळं यामुळे जगली.

पण मेंदूला हिशेब द्यावा लागतोच. बोस्टनमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांची जन्मतःच अदलाबदल झालेल्या बाळांचे दोन गट केले, एकात पूर्ण थांबा, दुसऱ्यात थंडीतच पण कमी प्रवाह चालू. १९९३ ला निष्कर्ष आले. थांबा जितका लांब, तितके आकडीचे झटके जास्त. तोवर सर्किटं लहान व्हायला लागली होती, त्यामुळे प्रवाह चालू ठेवणं परवडायला लागलं. माझं मत विचाराल तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत बाळांचे मेंदू वाचवण्यात नळीवाल्यांचा वाटा आम्हा औषधवाल्यांपेक्षा मोठा आहे. विभागात असं बोललो की भांडणं होतात, म्हणून इथे बोलतो.

रेवाकाठ, सोमवार, रात्री १०:१०

सर, याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

तर्कट, मंगळवार, सकाळी १०:००

माझ्या प्रश्नाला सगळ्यांनी सोयीस्कर बगल दिली आहे, याची नोंद घ्यावी. आणि पुढचा प्रश्न. एवढं महाग ऑक्सिजनेटर एकदा वापरून फेकतात कशाला? धुवून परत वापरा की. डायलिसिसवाले वापरतात.

केमिकल_लोच्या, मंगळवार, सकाळी ११:२५

तर्कटराव, पॉलिमरमध्ये आयुष्य गेलंय, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो.

आजच्या ऑक्सिजनेटरमध्ये केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंची गुंडाळी असते, पॉलिप्रॉपिलिनची. तंतूंच्या आतून वायू, बाहेरून रक्त. भिंतीला सूक्ष्म छिद्रं. ओलं व्हायला नाखूश असा हा प्लास्टिक आहे, म्हणून रक्त छिद्रात शिरत नाही आणि वायू मात्र आरपार जातो. पण रक्तातली प्रथिनं त्यावर बसत जातात. काही तासांनी तो नाखूशपणा कमी होतो आणि प्लाझ्मा झिरपायला लागतो. ऑपरेशनपुरतं ठीक. एक्मोला आठवडाभर चालवायचं तर म्हणूनच दुसरा पॉलिमर, पॉलिमिथिलपेंटीन, त्याच्यावर छिद्ररहित साय असते. आता हे धुणार कसं? प्रथिनं काढायला जे रसायन लागेल ते तंतूचा स्वभावही बदलेल. डायलिसिसच्या गाळणीतून पाणी न्यायचंच असतं, इथे पाणी गेलं की खेळ खलास. आणि गुंडाळीत अडकलेली एक गुठळी पुढच्या बाळाच्या मेंदूत गेली, तर? धुऊन वाचवायची वस्तू नव्हे ही.

कृत्रिम मूत्रपिंडवाल्या कोल्फ यांना १९४४ च्या सुमारास दिसलं होतं, की सेलोफेनमधून जाताना काळसर रक्त लाल होतंय. म्हणजे दोन्ही भावंडंच, पण स्वभाव वेगळे.

रेवाकाठ, मंगळवार, दुपारी ३:३०

आणि पहिल्या प्रश्नाला मी. आपल्याकडे बुद्धी नाही असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने रक्ताची पिशवी केली, हृदयाची झडप केली, ती झडप १९९० पासून माणसांत बसते आहे. पण बाळांच्या ऑक्सिजनेटरचं गणित वेगळं. एकच माप करून चालत नाही. एक उदाहरण देते. किड्स डी-१०० म्हणून एक येतो, प्राइम फक्त ३१ मिली, पण मिनिटाला ७०० मिलीच्या वर जायचं नाही. टेरुमो कंपनीचा एफएक्स-०५ घेतला तर ४३ मिली, प्रवाह दीड लिटरपर्यंत, फिल्टर आतच. म्हणजे बाळ चार किलोचं झालं की पहिला संपला. दहा किलोला तिसरा. प्रत्येक मापाचे साचे वेगळे, चाचण्या वेगळ्या, आणि खप मोठ्यांच्या तुलनेत चिमूटभर. कारखानदार कुणीही असो, हात आखडता घेतो.

याचा फटका मी खाल्लाय. पूर्वी एका ठिकाणी नोकरीला होते, तिथे लहान माप संपलं होतं आणि ऑर्डर कुणाच्या तरी टेबलावर पडून. बाळ थांबू शकत नव्हतं. एक माप वरचं लावलं. चाललं सगळं नीट. पण जास्तीचं प्राइम भरायला रक्ताची आणखी एक पिशवी फोडावी लागली. म्हणजे त्या बाळाला आणखी एका अनोळखी दात्याचं रक्त, निव्वळ एका सहीपायी. तो राग अजून गेलेला नाही.

तर्कट, मंगळवार, दुपारी ४:०५

मान्य. दुसऱ्या प्रश्नावर माघार. पहिल्यावर अर्धी माघार, कारण खप कमी म्हणून कुणी करत नसेल तर ते सरकारी संस्थांनीच करायला हवं, असं मी म्हणणार.

खवचट_खापर, मंगळवार, दुपारी ४:०७

तर्कटची माघार! संपादक, धागा वाचनालयात हलवा, ऐतिहासिक आहे.

लेकराची_माय, मंगळवार, रात्री १०:५०

मी इथे नुसती वाचते, कधी लिहिलं नाही. नांदेड जिल्ह्यातली आहे. माझा मुलगा रडला की निळा पडायचा. अंगणवाडीत तपासणीला पथक आलं, त्यातल्या डॉक्टर बाईंनी छातीला नळी लावली आणि लगेच चिठ्ठी दिली. टेट्रालॉजी निघालं, म्हणजे हृदयात जन्मापासूनचे चार दोष. चौदा महिन्यांचा, सात किलोचा असताना मुंबईला ऑपरेशन झालं, पैसे सरकारी योजनेतून. रक्त द्यायला दीर, चुलतदीर आणि गावचा एक पोरगा रेल्वेने आले होते.

मला एकच विचारायचं आहे. आयसीयूत काचेतून पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी ओळखलाच नाही. इतका सुजलेला. डोळे फुगून बंद. मी म्हटलं हा माझा नाही. सिस्टर म्हणाल्या होतं असं. चार दिवसांनी उतरलं. पण का होतं ते कुणी सांगितलं नाही, आणि मला विचारायची भीती वाटली. आता तो दुसरीत आहे, झाडावर चढतो. तरी ते तोंड डोळ्यासमोरून जात नाही.

रेवाकाठ, मंगळवार, रात्री ११:३०

ताई, बरं झालं विचारलंत. तुम्ही काही चुकीचं पाहिलं नाही, आणि कुणाची चूकही नव्हती.

रक्त आयुष्यभर फक्त रक्तवाहिनीच्या आतल्या मऊ अस्तराला शिवतं. यंत्रावर गेलं की एकदम प्लास्टिक. शरीराला वाटतं हल्ला झाला. सगळ्या अंगभर दाह उठतो, बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि पाणी बाहेर ऊतींमध्ये जातं. शिवाय प्राइमचं पातळ पाणी असतंच. मोठ्या माणसात हे कमी दिसतं. तुमच्या बाळाच्या मानाने प्लास्टिकचा पृष्ठभाग खूप मोठा होता, म्हणून तोंड असं सुजलं. कधी कधी हृदयही इतकं सुजतं, की छाती एक-दोन दिवस उघडीच ठेवतात.

यावर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात १९९१ च्या सुमारास एक छान युक्ती निघाली. यंत्र थांबल्यावर नळ्या लगेच काढायच्या नाहीत. महारोहिणीतून थोडं थोडं रक्त मागे घ्यायचं, बारीक गाळणीतून पाणी काढून टाकायचं आणि दाट झालेलं रक्त परत हृदयात सोडायचं. दहा-पंधरा मिनिटं. समोर बसून बघताना रक्तदाब वर चढत जातो. आमच्या कामात इतकं डोळ्यांदेखत सुधारणं फार कमी वेळा पाहायला मिळतं. नळी लहान केली की पृष्ठभागही कमी होतो, सूजही कमी. पुन्हा नळीच.

मुलाला झाडावरून सावकाश उतरायला सांगा.

लेकराची_माय, बुधवार, सकाळी ६:१५

पाच वर्षांनी कळलं. तुमचं भलं होवो.

आजोबा_सातारकर, बुधवार, सकाळी ८:००

डोळे पाणावले. कायद्याने या धाग्यावर पाणी कमी करायचं आहे, तरीही.

पंपवाला, शनिवार, रात्री ९:२०

चार दिवस फिरतीवर होतो. सगळं दोनदा वाचलं. मूळ प्रश्न मागे घेतो. हे लहान केलेलं मोठं यंत्र नाही. मोठ्यांच्या यंत्रात माणूस हा हौद आणि यंत्र ही जोडणी. इथे जोडणी हौदाएवढी आहे. आमच्याकडे असं कुणी डिझाइन दाखवलं असतं तर हाकलून दिलं असतं.

एक शंका राहिली. प्रवाह ६०० मिली म्हणजे सेकंदाला १० मिली. रिझर्व्हॉयरमध्ये तुम्ही पातळी किती ठेवता?

रेवाकाठ, शनिवार, रात्री १०:००

तीसेक मिली, कधी कमीही.

पंपवाला, शनिवार, रात्री १०:०१

म्हणजे शिरेची नळी दबली तर हातात तीन सेकंद?

रेवाकाठ, शनिवार, रात्री १०:०६

हो. पातळीचा सेन्सर असतो, बुडबुड्याचा सेन्सर असतो, ते पंप थांबवतात. पण आपला हात आधी जायला हवा. केस चालू असताना मला कुणी "चहा घेणार का" विचारलं तरी मान वळवत नाही.

पंपवाला, शनिवार, रात्री १०:१५

काल घरी जेवणाच्या टेबलाला ऑपरेशन टेबल समजून टेपने मोजलं. बायको बघत होती, काही बोलली नाही. यंत्र टेबलाला अगदी चिकटवलं, पंपाची डोकी खांबावर वर उचलली, तरी माझी नळी ९० सेंटिमीटरच्या खाली जाईना. तुमची किती आहे?

रेवाकाठ, शनिवार, रात्री १०:३०

वा, खांबाचं तुम्हाला सुचलं! आमचे पंप तसेच आहेत, खांबावर, बाळाच्या जितके जवळ नेता येतील तितके. मी सर्जनच्या पाठीमागे इतकी जवळ बसते, की ते मागे सरकले तर कोपर माझ्या डोक्याला लागतं. पंच्याऐंशीवर आलोय. त्याच्या खाली जात नाही, कारण आमचे सर सहा फुटी आहेत. त्यांची मान दुखू नये म्हणून टेबल वर घ्यावं लागतं.

पंपवाला, शनिवार, रात्री १०:३८

टेबल किती वर?

रेवाकाठ, शनिवार, रात्री १०:४०

दुसऱ्या सर्जनपेक्षा बारा सेंटिमीटर.

पंपवाला, शनिवार, रात्री १०:४४

दोन नळ्या, २४ सेंटिमीटर, ३/१६ इंची. सव्वाचार मिली.

खवचट_खापर, शनिवार, रात्री १०:४५

पाहिजेत: बुटके हृदयशल्यविशारद. उंची पाच फूट चारच्या आत. अनुभवाची अट शिथिलक्षम.

भूलभुलैया, शनिवार, रात्री ११:०२

हा धागा मी सरांना पाठवतोय. माझी नोकरी गेली तर रेवाकाठ जबाबदार.

रेवाकाठ, सोमवार, रात्री ९:१०

सरांनी वाचलं. हसले नाहीत. आज सकाळी पावणेतीन किलोची केस होती, तेव्हा न बोलता टेबल स्वतः खाली करून घेतलं. नऊ सेंटिमीटर. मी नळी कापली.